६०० मीटरवर पाटी वाजते, मग हरीण का नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल आहे, १४३ ग्रेन (सुमारे ९.३ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला ८२३ मीटर वेगाने नळीबाहेर पडते, मैदानावर ६०० मीटरवरची ३० सेंटिमीटरची लोखंडी पाटी दहापैकी आठ वेळा वाजते. तर येत्या हंगामात तेवढ्याच अंतरावरून हरणावर गोळी झाडावी का? परवाना, हंगाम, हद्द हे सगळं कायदेशीर आहे असं धरून लिहितो.

नाही. झाडू नका.

आठ वेळा वाजते याचं कौतुक आहेच, ती गंमत नाही. पण मला त्या उरलेल्या दोन गोळ्यांबद्दल बोलायचंय. मैदानावर त्या हुकल्या की मागच्या मातीत धूळ उडते, शेजारचा हसतो, तुम्ही दुरुस्ती करता आणि पुढची वाजते. हरणाच्या बाबतीत त्या दोन गोळ्याही बहुतेक वेळा कुठेतरी लागतातच. जबड्यात, पोटात, मागच्या मांडीत. शिवाय पाटी ३० सेंटिमीटरची आहे आणि हरणाचं वर्म, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसं मिळून होणारी जागा, २० ते २५ सेंटिमीटरची. पाटीला रंग लावून एकदा बघा, तुमच्या आठातल्या किती गोळ्या कडेच्या पट्ट्यात लागतात ते. लोखंड कडेला लागलं तरी तेवढंच खणकन वाजतं.

आता रायफलच्या बाजूने हिशोब. चांगल्या रायफलला आपण ‘एक मिनिटाची’ म्हणतो, म्हणजे १०० मीटरवर गोळ्या साधारण ३ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. ६०० मीटरवर तेच वर्तुळ साडेसतरा सेंटिमीटरचं होतं. म्हणजे तुमचा हात अजिबात हलला नाही, वारं शून्य आहे, सगळं काही देवासारखं चाललंय, तरी वर्माची बरीचशी जागा रायफलने स्वतःच खाल्ली. तुमच्या चुकीसाठी शिल्लक काय राहिलं?

गोळी खाली किती पडते याची फार धास्ती घेऊ नका. १०० मीटरवर नेम बांधलेला असेल तर ६०० वर ती अडीच मीटरहून जास्त खाली येते, ऐकायला भयंकर वाटतं, पण गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. लेझरने अंतर मोजा, तक्त्यातून आकडा घ्या, रायफलवरच्या दुर्बिणीची चकती फिरवा. चढ-उतारावर सरळ रेषेचं अंतर धरू नका, आडवं अंतर धरा: ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर मोजले तर नेम ३४६ चा. लेझर जनावरावर न पडता २५ मीटर मागच्या झुडपावर पडला तर गोळी १५ सेंटिमीटर वर जाते, म्हणून दोन-तीनदा मोजा. आणि रायफल कलती धरू नका. उतारावर बसलं की डोळ्याला तिरपंच सरळ वाटतं, आणि फक्त ३ अंश कललेली रायफल ६०० मीटरवर गोळी १४ सेंटिमीटर बाजूला टाकते. पाणसळीचा छोटा बुडबुडा दुर्बिणीवर बसवून घ्या. हे सगळं शिकता येतं आणि एकदा शिकलं की शिकलं.

वाऱ्याचं तसं नाही.

वारा गोळीला ‘ढकलतो’ असं आपण म्हणतो, पण खरा हिशोब मजेदार आहे. हवा नसती तर तुमची गोळी ६०० मीटर सुमारे ०.७३ सेकंदात गेली असती. हवेतून जायला तिला सुमारे ०.८८ सेकंद लागतात. हा जो ०.१५ सेकंदाचा उशीर, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. सेकंदाला १ मीटरचं वारं असेल तर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर वाहून जाते. हाच आकडा ५०० मीटरवर १०, ४०० वर ६ आणि ३०० वर फक्त साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास आहे. अंतर दुप्पट झालं की वाऱ्याची चूक चौपटीच्या घरात जाते, हे लक्षात ठेवा.

यात भीती वाऱ्याची नाही. ते माहीत असेल तर तेवढं बाजूला धरता येतं. भीती अंदाज चुकण्याची आहे. पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर वारं सेकंदाला ३.४ ते ५.४ मीटर असतं, असं ब्यूफोर्टच्या मापात, म्हणजे खुणांवरून वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या तक्त्यात आहे. म्हणजे तुम्ही खूण अगदी बरोबर ओळखली तरी २ मीटरची शंका उरते, आणि ६०० वर त्या शंकेची किंमत ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे. अख्ख्या वर्मापेक्षा जास्त! कसलेला माणूस याहून बारीक वाचतो हे मान्य, पण १ मीटरच्या आत रोज वाचतो असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

वारं मोजायचं यंत्र घेतलंय असं तुम्ही लिहिलंत. ते तुमच्या हातापाशी वारं किती आहे ते सांगतं. मधल्या दरीत काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. तुमच्या गालावर डावीकडून झुळूक असताना समोरच्या उतारावरचं गवत उलट बाजूला झुकलेलं मी कितीदा पाहिलंय. त्यासाठी मृगजळ वाचायला शिका: मोठी दुर्बीण लक्ष्याच्या थोडं अलीकडे फोकस करायची, मग हवेच्या लहरी ओढ्यासारख्या वाहताना दिसतात. सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या तर एक तर वारं पडलंय किंवा ते तुमच्या नेमाच्याच रेषेत आहे. जोराचं वारं असलं की लहरी चपट्या होतात आणि त्यापुढचा फरक कळेनासा होतो. मैदानावर दुपारच्या उन्हात हे सुरेख जमतं. फक्त, हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा मृगजळ नसतंच आणि उतारावरचं वारं वर जायचं की खाली यायचं याच्या मध्ये घोटाळत असतं.

आणि हरीण पाटीसारखं थांबत नाही. तुमच्या मित्राचा मुद्दा बरोबर आहे की आवाजाला ६०० मीटर जायला पावणेदोन सेकंद लागतात, गोळी आधी पोचते, त्यामुळे हरीण आवाजाने दचकत नाही. पण चरणारं हरीण आपल्या मर्जीने पाऊल टाकतं, त्याला तुमच्या आवाजाची गरज काय? डोक्याने ‘आता’ म्हटल्यापासून बोट चाप दाबेपर्यंतचा क्षण आणि पुढचे ०.८८ सेकंद, एकूण एक सेकंदाच्या वर गेलं. तेवढ्यात एक पाऊल सहज पडतं आणि फुफ्फुसावर धरलेला नेम कोठ्यावर जातो. चाप दाबल्यावर त्यात तुम्हाला काहीही करता येत नाही.

गोळीच्या जातीबद्दल थोडक्यात. ६०० मीटरवर तुमच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ५६० मीटरवर आलेला असतो, म्हणजे अगदी काठावर. शिकारीच्या पुष्कळ गोळ्यांना आत जाऊन फुलायला ५५० च्या आसपास वेग लागतो. काही खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या गोळ्या त्याखालीही फुलतात, पण शिसं टाळायला तांब्याची घेतलीत तर बहुधा उलट, वेग जास्तच हवा. न फुललेली गोळी सुईसारखी आरपार जाते आणि हरीण फार लांब पळतं. स्पर्धेच्या गोळ्या तर शिकारीला वापरूच नका, त्या फुलण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

आता माझी गोष्ट, कारण हे सगळं मी पुस्तकात वाचून शहाणा झालेलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, संध्याकाळी, दरीपलीकडे ४३० मीटरवर एक नर. पाठीवरच्या पिशवीवर रायफल टेकवलेली, श्वास शांत, चाप इतका स्वच्छ सुटला की आजही आठवतो. हरीण दचकलं नाही, कुबड काढली नाही, कळपाबरोबर झाडीत शिरलं. जोडीदार म्हणाला, हुकली. मीही लगेच मान डोलावली, कारण मला ते खरं वाटायला हवं होतं. तरी रिवाज म्हणून पलीकडे गेलो. दरी उतरून चढायला पाऊण तास लागला. आणि पलीकडे पोचल्यावर सगळी झुडपं सारखी! दुर्बिणीतून जे ठळक दिसत होतं ते तिथे सापडेना. अंधार पडला. सकाळी गवतावर हिरवट-तपकिरी ओला डाग सापडला, वास घेतल्यावर काही विचारायचं उरलं नाही. कावळ्यांमुळे दुपारी हरीण मिळालं. वाऱ्याचा माझा अंदाज २ मीटरने चुकला होता, एवढंच. माझी नेमबाजी त्या दिवशी उत्तम होती.

म्हणून लांबून गोळी झाडण्याआधी ‘लागेल का’ याच्या बरोबरीने ‘मी तिथे कसा आणि किती वेळात पोचणार’ हेही ठरलेलं असू द्या. गोळी सुटली की जागचे हलू नका. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्हींचे फोनवर फोटो घ्या, होकायंत्राने दिशा घ्या. जोडीदार असेल तर तो दुर्बिणीशी बसून तुम्हाला हातवाऱ्यांनी जागेवर नेईल. हुकली असं वाटलं तरी प्रत्येक गोळीमागे जाऊन बघायचं, याला अपवाद नाही. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, हरीण फार लांब नसतं, अर्धा तास थांबून माग काढा. गडद, काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, मग सहा-आठ तास किंवा रात्रभर थांबावं लागतं. घाई केली तर जखमी जनावर उठून आणखी कोसभर जातं आणि मग मिळतच नाही.

मग तुमचा टप्पा किती? मैदानावर पालथं पडून झाडलेल्या दहा गोळ्यांवर तो ठरत नाही. माझी पद्धत अशी: २० सेंटिमीटरची कागदी थाळी लावा. जोरात चढून या, छाती धापा टाकत असताना बसा, जंगलात जसं बसाल तसं, पिशवी नाहीतर गुडघ्यावर टेकून. थंड नळीची, दिवसातली पहिली आणि एकच गोळी. वहीत लिहा आणि घरी जा. दुसरी झाडायची नाही, कारण हरीण दुसरीची सवलत देत नाही. असे दहा वेगवेगळे दिवस. ज्या अंतरावर दहाच्या दहा थाळीत आल्या, तो तुमचा टप्पा. नऊ आल्या तर अलीकडे सरका. माझी वही ३०० वर थांबते, आणि वारं भरभरतं असेल तर मी २०० च्या पुढे रायफल खांद्याला लावत नाही. इतक्या वर्षांनी एवढंच? हो, एवढंच.

तुमच्या क्रीडमूरच्या नावातलं ते क्रीडमूर म्हणजे न्यूयॉर्कजवळचं जुनं नेमबाजीचं मैदान. तिथे १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिकेचे नेमबाज ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली, आणि त्यात एका आयरिश नेमबाजाने चुकून दुसऱ्याच्याच लक्ष्यावर गोळी मारली होती. उत्तम माणूस, उत्तम रायफल, मोजलेलं अंतर, आणि चूक झालीच. तिची किंमत थोडे गुण होती. लांब मारायची हौस असेल तर ती कागदावर आणि लोखंडावर मनसोक्त भागवा, मीही भागवतो.

‘तंत्रज्ञान आहे तर वापरायचं’ हे तुमच्या मित्राचं म्हणणं. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या सोबत्यांनी १८८७ मध्ये काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘न्याय्य पाठलाग’ ही कल्पना रुजवली: जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे. ६०० मीटरवरून त्याचं नाक, कान, डोळे सगळं निकामी होतं, असा या विचाराच्या लोकांचा आक्षेप. मला तो अर्धा पटतो. कारण ८० मीटरवरून धावत्या हरणावर घाईत झाडलेली गोळी काही जास्त न्याय्य नाही, पोट तिनेही फुटतं. मला पटतो तो यातला साधा भाग: ६०० मीटरवर हरीण दिसलं याचा अर्थ शिकार आत्ता सुरू झाली. वारं तोंडावर घ्या, घळीतून जा, शेवटचे ५० मीटर पोटावर सरका. तासाभराने २०० मीटरवर पोचाल, किंवा वास लागून ते पळेल आणि तुम्ही रिकाम्या हाताने परताल. माझ्या निम्म्याहून जास्त फेऱ्या अशाच संपतात.

दुर्बिणीचं विचारलं होतंत, २५ पट घेऊ की १०. शिकारीला १० पुरते, आणि २५ ची घेतलीत तरी गोळी झाडताना खाली, ८-१० वर आणा. मोठं केलं की धक्क्यानंतर नजरेत नुसतं आभाळ आणि गवत उरतं, हरीण कुठल्या बाजूला गेलं ते दिसत नाही.