टीम बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या स्पर्धांतल्या, सप्टेंबरपासून ऑगस्टपर्यंतच्या तुझ्या सगळ्या टीम्स एकाच फाइलमध्ये पाठवल्यास, फार बरं केलंस. दोनदा वाचल्या. शेवटी तू विचारलं आहेस, "पुढच्या सीझनला कुठली टीम घेऊ?" त्याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण फाइल वाचताना मला वेगळीच गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येक स्पर्धेनंतर तू टीम बदलली आहेस आणि एकाही बदलापुढे कारण लिहिलेलं नाही.

२०२४-२५चा सीझन होताच धावपळीचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेग्युलेशन (कुठले पोकेमॉन चालतील याची नियमावली) एच होतं, त्यात लेजंडरी नाहीत आणि पॅराडॉक्सही नाहीत, म्हणजे ताकदवान पोकेमॉनचे हे दोन्ही गट बाहेर. एप्रिलअखेरपर्यंत जी, म्हणजे टीममध्ये एक रिस्ट्रिक्टेड (सगळ्यात ताकदवान लेजंडरींपैकी) चालणार. मे महिन्यापासून आय, म्हणजे दोन. नोव्हेंबरात साओ पाउलोची इंटरनॅशनल एका नियमावर, फेब्रुवारीत लंडनची दुसऱ्या, जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सची तिसऱ्या, आणि ऑगस्टमध्ये अनाहाइमची वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक अजिंक्यपद. एका वर्षात तीनदा पाटी कोरी झाली. जानेवारीत आणि मे महिन्यात तू टीम बदललीस त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ते बदल नियमांनी करायला लावले. मला बोलायचंय ते ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांबद्दल. तेव्हा नियम तेच होते, तरी तुझी टीम तीनदा उलटीपालटी झाली.

ऑक्टोबरची सहा पोकेमॉनची टीम पुन्हा उघड. पेलिपर, आर्चालुडॉन, इन्सिनरोअर, अमूंगस, बॅस्क्युलिजन, रिलाबूम. चांगली, सरळ टीम होती. पेलिपर मैदानात आला की पाऊस सुरू होतो. पावसात आर्चालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट हा विजेचा वार एरवीसारखा एक टर्न तयारीत घालवत नाही, त्याच टर्नला सुटतो आणि वर स्पेशल अटॅकही (अशा वारांची ताकद) एक पायरी वाढवतो. पेलिपरकडे टेलविंड आहे, त्याने तुझ्या बाजूचा वेग दुप्पट होतो. योजना कळायला सोपी आहे, आणि ती समोरच्यालाही कळते हीच तिची अडचण.

तू पाठवलेल्या रिप्लेमध्ये तेच झालं. एका वेळी मैदानात दोघे-दोघेच असतात; तू पेलिपर-आर्चालुडॉन पुढे आणलेस, समोरून इन्सिनरोअर-रिलाबूम आले. दोघांकडेही फेक आउट (समोरच्याला दचकवून त्याची खेळी बुडवणारा वार) होतं, आणि ओपन टीमशीटमुळे, म्हणजे एकमेकांच्या टीमची यादी दोघांनाही दिसत असल्यामुळे, ते तुला आधीच माहीत होतं. तू टेलविंड दाबलंस, रिलाबूमने पेलिपरला फेक आउट मारलं, पेलिपर दचकला, टेलविंड गेलं. पुढच्या दोन टर्नमध्ये सामना हातातून निसटला. फाइलमध्ये त्या दिवसाखाली एवढंच लिहिलंयस, "पेलिपर कामाचा नाही."

नोव्हेंबरात पेलिपर गेला आणि त्याच्या जागी व्हिम्सिकॉट आला. मला कळतं तुला काय वाटलं असेल. व्हिम्सिकॉटकडे प्रँकस्टर आहे, त्या गुणामुळे त्याचं टेलविंड जवळजवळ सगळ्यांच्या आधी लागतं. पण प्रँकस्टरने मिळते ती प्रायॉरिटी (कुठला वार आधी चालणार याचा क्रम, आकडा मोठा तो आधी) १, आणि फेक आउटची प्रायॉरिटी आहे ३. ज्या फेक आउटने पेलिपरला थांबवलं तेच व्हिम्सिकॉटलाही तितक्याच सहज थांबवतं. वर पाऊस गेला तो गेलाच, आणि आर्चालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट परत दोन टर्नचा झाला. मग डिसेंबरात "आर्चालुडॉन हळू पडतो" म्हणून तोही गेला. एका फेक आउटपायी अर्धी टीम गेली, आणि फेक आउटवरचा उपाय तिन्ही महिन्यांत तू केलाच नाहीस. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडेच.

उपाय होते, आणि काहींना तर टीमला हातही लावावा लागला नसता. फेक आउट फक्त मैदानात उतरल्यावरच्या पहिल्या टर्नलाच चालतं. म्हणजे पहिल्या टर्नला पेलिपरने प्रोटेक्टने स्वतःला झाकलं असतं तरी फेक आउट वाया गेलं असतं. पाऊस पाचच टर्न असतो, त्यातला एक खर्च झाला असता, पण आर्चालुडॉनने तोवर पहिला शॉट मारलेला असता. किंवा तू बॅस्क्युलिजन पुढे आणू शकला असतास. तो घोस्ट टाइपचा असल्यामुळे त्याला फेक आउट लागतच नाही. मग दुसऱ्या टर्नला पेलिपर आत आला असता, आणि पाऊस नवाकोरा, पाचही टर्नचा मिळाला असता. आयटम (पोकेमॉनने जवळ बाळगायची वस्तू) बदलायची तयारी असती तर पेलिपरला कव्हर्ट क्लोक द्यायचा, त्याने दचकणं बंद. टीममधला एक पोकेमॉन बदलायची तयारी असती तर फॅरिगिराफ होताच: त्याच्या आर्मर टेल या गुणामुळे समोरच्याचे प्रायॉरिटीचे वार त्याच्यावर आणि त्याच्या जोडीदारावर चालत नाहीत. प्रत्येक उपायाची काहीतरी किंमत आहे. ती मोजून एक निवडायचा. मी टीम बिल्डिंग म्हणतो ते याला.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की हरल्यावर लगेच टीम उघडायची नाही. आधी सामना उघडायचा आणि पाहायचं की चूक नक्की कुठल्या क्षणी झाली. पुष्कळदा ती पहिला टर्न सुरू होण्याआधीच झालेली असते. सहातून पुढचे दोन आणि मागचे दोन निवडायचे तर ९० प्रकार होतात, आणि टीम प्रिव्ह्यूला, म्हणजे समोरची टीम बघून चार निवडायला, वेळ मिळतो ९० सेकंद. एवढ्या वेळात नव्याने विचार होत नाही, घरून करून नेलेला विचार फक्त आठवता येतो. टीम कागदावर उतरली की नेहमी दिसणाऱ्या दहा-बारा टीम्ससमोर आपण कुठले चार आणणार हे लिहून काढ. लिहिताना जिथे पेन अडेल तिथे टीममध्ये खरंच भोक आहे. आणि एखादा पोकेमॉन कुठल्याच ओळीत येत नसेल तर तो टीममध्ये खोगीरभरती म्हणून बसलाय, त्याला खुशाल काढ. तुझ्या ऑक्टोबरच्या टीममध्ये अमूंगसचं हेच झालं होतं. मी रिप्ले पाहिले, तू त्याला जवळपास आणलाच नाहीस, आणि तरी डिसेंबरपर्यंत काढला नाहीस.

नशिबाचंही बोलतो, कारण तुझ्या नोंदींत ते फार वेळा येतं. प्रत्येक वाराचं नुकसान १६ शक्य आकड्यांपैकी एक असतं. रॉक स्लाइड दहात एकदा चुकतो, आणि लागला तर समोरचा दहात तीनदा दचकतो. हे सगळं खरं आहे आणि मनाला लागतंच. पण १६ पैकी एकाच आकड्याने तुझा पोकेमॉन पडला असेल तर त्याबद्दल टीमला हात लावायचा नाही. तोच वार १६ पैकी १२ आकड्यांवर तुला पाडत असेल, तर मात्र त्याला नशीब म्हणायचं नाही. कॅल्क्युलेटर उघड, आकडा बघ, आणि मगच ठरव की रडायचं की ईव्ही (पोकेमॉनच्या वेग-बचाव-ताकदीत वाटायचे गुण) हलवायचे.

आता ईव्हींबद्दल, कारण इथे तू हुशार असूनही घाई करतोस. तुझ्या आर्चालुडॉनला स्पीडमध्ये ८४ ईव्ही होते, म्हणजे लेव्हल ५०ला वेग ११६. मी विचारलं, ११६ का? तू म्हणालास, ज्या टीमचा रेंटल कोड (दुसऱ्याची तयार टीम वापरायचा कोड) घेतला तिच्यात होते. ज्याने तो आकडा ठरवला त्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी होतं. तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं? तू खेळायचास टेलविंडवर, आणि तुला धाक होता चॉइस स्कार्फवाल्या (वेग दीडपट करणारा आयटम) गोल्डेंगोचा. तो टिमिड (वेग वाढवणाऱ्या नेचरचा, म्हणजे स्वभावाचा) आणि पूर्ण वेगाचा असला तर त्याचा वेग १४९, स्कार्फसह २२३. आर्चालुडॉन टेलविंडमध्ये २२४ झाला की काम झालं. म्हणजे मुळात ११२ पुरे, आणि त्याला ईव्ही लागतात ५२. उरलेले ३२ ईव्ही तू स्पेशल डिफेन्समध्ये टाकले असतेस तर तिथे चार अंक वाढले असते, आणि आर्चालुडॉनची कमजोर बाजू नेमकी तीच आहे. चार अंक ऐकायला किरकोळ वाटतात. पण गोल्डेंगोचा मूळ वेग ८४ आहे आणि आर्चालुडॉनचा ८५, आणि दोघांनी वेगात सगळे २५२ घातले, नेचर साधंच ठेवलं, तर १३६ विरुद्ध १३७ होतात. त्या एका अंकावर कोण आधी मारतो हे ठरतं आणि पुष्कळदा सामनाही तिथेच ठरतो. शीटवर समोरच्याला तुझे मूव्ह, आयटम, ॲबिलिटी (उपजत गुण), टेरा टाइप (सामन्यात घेता येणारा बदललेला टाइप) सगळं दिसतं. ईव्ही आणि नेचर दिसत नाहीत. तुझ्या हातात लपवायला एवढंच उरलंय, ते दुसऱ्याच्या फाइलमधून जसंच्या तसं उचलू नकोस.

दुसऱ्याची टीम घेण्यात काही वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो. सगळे घेतात, आणि सुरुवात अशीच करावी. फक्त घेताना तिच्यातला विचारही घ्यावा. २०१४च्या वर्ल्ड्सची गोष्ट तुला तोंडपाठ आहे, वॉशिंग्टनमध्ये से जुन पार्कने पचिरिसू घेऊन जेतेपद जिंकलं. तू त्याबद्दल लिहितोस, "लाडका पोकेमॉन घेऊनही जिंकता येतं." मला त्या टीमकडे तू अजून एकदा बघावंस असं वाटतं. तिच्यात मेगा (सामन्यात आणखी ताकदवान रूप घेणारा) ग्यारॅडॉस होता. ग्यारॅडॉसला विजेचा वार महागात पडतो, मेगा होण्याआधी तर चौपट लागतो. पचिरिसूकडे फॉलो मी होतं, म्हणजे जोडीदारावरचे वार तो स्वतःकडे ओढणार, आणि त्याची ॲबिलिटी होती व्होल्ट ॲब्सॉर्ब, म्हणजे वीज लागली की त्याचं एचपी, म्हणजे जीव, उलट वाढणार. समोरच्याने ग्यारॅडॉसवर वीज सोडली की ती जाणार पचिरिसूकडे आणि पचिरिसू ताजातवाना होणार. सुपर फँगने समोरच्याचं उरलेलं एचपी अर्ध्यावर येणार, नझलने समोरचा पॅरलाइज होणार. यातलं कुठलंच काम पचिरिसू किती ताकदवान आहे यावर अवलंबून नव्हतं. त्या टीमला नेमकं असं कोणीतरी हवं होतं आणि तो ते होता. ग्यारॅडॉसशिवायचा पचिरिसू म्हणजे दुसऱ्याच टीमचं उत्तर आपल्या टीममध्ये चिकटवणं.

२०१६ची सॅन फ्रान्सिस्कोची फायनल तू पाहिलेली नाहीस, ती जरूर बघ. त्या वर्षी जिकडे पाहावं तिकडे प्रायमल ग्राउडन आणि झर्नियस. पुढे जिंकलेल्या वुल्फ ग्लिकने कायोगर आणि रेक्वाझा घेतले, सोबत गेंगर, ब्राँझाँग, रायचू आणि हिटमॉनटॉप. त्या सहांतला प्रत्येकजण सहात का आहे हे तू स्वतः शोधून काढ. मी सांगणार नाही, कारण तो शोध हाच तुझा अभ्यास.

आणि एवढं सगळं बदलूनही वर्षभरात तुझ्याकडे काय उरलं, तेही बघ. सप्टेंबरात इन्सिनरोअर होता, ऑगस्टमध्येही होता. मधे शॅडो रायडर कॅलिरेक्स आला, मिरायडॉन आला, दोन-दोन रिस्ट्रिक्टेड आले. इन्सिनरोअर इंटिमिडेटने समोरच्यांची ताकद घटवत, फेक आउट मारत, पार्टिंग शॉटने मागे जाऊन पुन्हा येत तसाच खेळत राहिला. त्याला केव्हा आत आणायचं आणि केव्हा वाचवून ठेवायचं हे तुला डिसेंबरपेक्षा जूनमध्ये कितीतरी चांगलं जमत होतं. न्यू ऑर्लिन्सच्या रिप्लेमध्ये मला ते स्पष्ट दिसलं आणि मला मनापासून आनंद झाला. जो पोकेमॉन तू वर्षभर बदलला नाहीस त्याच्यासोबतच तू सगळ्यात चांगला खेळलास. बाकीच्या पाचांना तू तेवढा वेळ दिलाच नाहीस.

लॅडरवर, म्हणजे गेममधल्या ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत, सराव कर, पण लॅडरवरून टीमचा निकाल लावू नकोस. तिथे एकच गेम असतो, समोरचा पुन्हा भेटत नाही, आणि पहिल्याच गेममध्ये चकवणारी टीम तिथे फार चांगली वाटते. स्पर्धेत तीनपैकी दोन गेम जिंकायचे असतात. दुसऱ्या गेममध्ये समोरच्याने तुला ओळखलेलं असतं, आणि तिसऱ्यात तुझ्याकडे वेगळा मोड, म्हणजे खेळायची दुसरी पद्धत, लागतो. तुझ्या डिसेंबरच्या टीमकडे तो नव्हता. पहिला गेम जिंकून पुढचे दोन हरलास असे सामने तुझ्याच नोंदींत सापडतील, ते वेगळे काढ.

पुढच्या सीझनचे नियम हातात आले की एक टीम निवड, आवडेल ती. मग निदान दोन स्पर्धा तिच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची: एखादा मूव्ह, एखादा आयटम, फार तर एक पोकेमॉन. प्रत्येक बदलाशेजारी एक ओळ लिहायची, कुठला सामना, कुठला टर्न, काय अडलं. ओळ सुचली नाही तर बदल करायचा नाही. टीमशीट देण्याच्या आदल्या रात्री तर काहीच बदलायचं नाही, कितीही मोह झाला तरी. त्या रात्री फक्त शीट आणि गेममधली टीम शेजारी ठेवून एकेक मूव्ह ताडून बघायचा. शीटवर चूक निघाली तर स्पर्धेत त्याची शिक्षा होते.

रविवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. येताना ऑक्टोबरचे तेवढे हरलेले सामने घेऊन ये, नवी टीम नको. आणि त्याआधी ग्लिकच्या टीममध्ये रायचू का होता ते मला कळव.

तुझा,
दादा