पुरानंतर कृष्णेत कयाक: भिलवडी ते हरिपूर कुठं उतरायचं, कुठं बाहेर पडायचं

दादा, तुम्ही विचारलंय की दोघांचा फुगवायचा कयाक घेतलाय, भिलवडी घाटावर पाण्यात उतरायचं, मधे ब्रह्मनाळ नाहीतर डिग्रजकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी हरिपूरच्या संगमावर बाहेर, तर पूर येऊन गेल्यावर यातले कुठले घाट चालू असतील. घाट चालूच असतात हो, घाटाला काय कुलूप नसतं. पण चालू असणं वेगळं आणि कयाक घेऊन तिथनं वर येता येणं वेगळं. उतरायला कुठूनही उतरता येतं, घसरत का होईना, दमलेल्या हातांनी ओलं सामान घेऊन बाहेर कुठं पडायचं ते पुरानंतर आधी बघावं लागतं.

पहिलं म्हणजे गाळ. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, म्हणजे विचार करा घाट किती खाली राहिले असतील. प्रत्येक वर्षी एवढं येत नाही, पण चाळीसच्या आसपास जरी जाऊन आलं तरी खालच्या पायऱ्यांवर गाळ बसतोच. वरच्या पायऱ्या ग्रामपंचायत, महापालिका, देवस्थानवाले पाण्याचा फवारा मारून धुतात कारण तिथं माणसं येतात, खालच्यांकडे कोण बघत नाही. वरनं बघितलं तर गाळ वाळलेला, भेगा पडलेला, अगदी चालता येईल असा दिसतो आणि पाय ठेवला की पापुद्रा फुटून आत गुडघाभर मऊ काळा चिखल. त्यामुळं काठी घेऊन जायचं, उसाचं कांडं पण चालतं, आणि पायरी-पायरीवर टोचत खाली जायचं. खण्‌ लागलं तर दगड आहे, नुसती आत गेली तर गाळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरती खण्‌ लागतंय आणि पुढची पायरीच नाही, पाण्यानं दगड ओढून नेलाय. पाण्याखाली ते दिसत नाही. रेलिंगला हात लावायचा नाही, पुरात वाहून आलेली झाडं त्यावर आपटलेली असतात, उभं दिसतं पण बुडात सुटलेलं असतं.

दुसरं बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते म्हणजे बरगे, बंधाऱ्याच्या खांबांमधे पाणी अडवायला घालतात त्या फळ्या. कृष्णेवर डिग्रज, सांगली, खाली म्हैसाळ, राजापूर असे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे काढतात आणि पाऊस संपल्यावर परत घालतात. बरगे नसतात तेव्हा पाणी खाली जातं, घाटाच्या पायऱ्या संपून पुढं नुसता चिखलाचा उतार उघडा पडतो आणि कयाक पाण्यापर्यंत न्यायलाच दम निघतो. बरगे घातले की बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तोच घाट एकदम मस्त होतो, पाणी स्थिर, पायरीवर बसून पाय टाकला की कयाकमध्ये. म्हणजे एकच जागा ऑक्टोबरात बेकार आणि डिसेंबरात झकास. तुमच्याकडे गेल्या वर्षीचे कुणाचे फोटो असतील तर तो महिना कुठला ते आधी बघा. गावात विचारताना पण घाट कसा आहे असं विचारू नका, सगळे चांगला आहे म्हणतील, बरगे घातलेत का ते विचारा.

आणि बंधारा पाण्यातून पार करायचा नाही. बरगे असोत नसोत. नसले तर खांबांमधनं पाणी जोरात ओढतं आणि पुरात आलेली बाभळीची खोडं, काटेरी फांद्या, प्लॅस्टिक, उसाचा पाला असलं सगळं त्या खांबांना अडकलेलं असतं, पाणी त्यातनं जातं, माणूस जात नाही. असले तर वरनं सांडणाऱ्या पाण्याखाली भोवरा असतो आणि लाईफ जॅकेट घातलेलं माणूस पण तिथंच गोल फिरत राहतं. बंधारा लांबून दिसला की काठ धरायचा, बाहेर यायचं, कयाक उचलून पलीकडे न्यायचा. आता उचलून नेण्यासाठी त्या काठाला जागा आहे का, हा तुमच्या ट्रिपचा खरा प्रश्न आहे, भिलवडीचा घाट नव्हे. भिलवडीचा घाट दगडी आणि चांगला मोठा आहे, तिथं काही अडत नाही. डिग्रजच्या बंधाऱ्यावर दोन्ही बाजूंनी जाऊन काठ ढासळलाय का ते आधी गाडीनं बघून या.

दोन घाटांच्या मधे काठाला लागायचं तर कृष्णाकाठ म्हणजे सलग ऊस आणि गाळाची रानं. पुरानंतर काठ खालनं पोखरलेला असतो, वरनं ऊस उभा आणि खाली पोकळ, तिथं कयाक लावून वर चढायला गेलं की ढेकळासकट परत पाण्यात. पाणंद कुठं नदीला येते ते बघून ठेवा, पाणंद सगळ्यांची असते, पण तिच्या शेजारचं रान कुणाचं तरी असतं आणि पुरात ऊस गेलेल्या माणसाच्या रानातनं रंगीत कयाक घेऊन जाताना दोन शब्द गोड बोलावे लागतात. तंबू ठोकायचं तर विचारल्याशिवाय नाहीच.

शेतीपंपांच्या वायरीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पूर यायच्या आधी शेतकरी काठावरच्या मोटारी काढून वर नेतात, पाणी उतरलं की परत बसवतात, आणि तेव्हा केबल जोडलेल्या, टेप गुंडाळलेल्या, झुडपावरनं लोंबत पाण्यापर्यंत आलेल्या असतात. लाईट रात्री येते की दिवसा ते त्या भागाच्या पाळीवर, म्हणजे दुपारी मेलेली वायर रात्री जिवंत असते. पाइप दिसला तिथं काठाला लागायचं नाही, एवढं पक्कं.

मगरींचं तुम्हाला माहीत असेलच असं धरून चालतो. नसेल तर भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज हा सगळा मगरीचा पट्टा आहे आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत, वनखात्याचे बोर्ड शोभेला लावलेले नाहीत. थंडीत ऊन खायला त्या काठावर येतात आणि पुरानं टाकलेला नवीन गाळाचा सपाट पट्टा त्यांना फार आवडतो, नेमका तोच तुम्हाला जेवायला थांबायला आवडणार. मार्चपासून अंड्यांचे दिवस, तेव्हा तर जायचंच नाही. फुगवलेला कयाक पाण्यालगत असतो, हात पाय बाहेर लोंबतात, त्यामुळं या पट्ट्यात मी तो वापरणार नाही आणि मुक्काम तर अजिबात नाही. काहींना हे जास्त वाटेल, वाटू दे.

ब्रह्मनाळला थांबलात तर जरा भान ठेवा. ऑगस्ट २०१९ मधे पुरातून माणसं काढताना तिथंच नाव उलटली होती, गावातली माणसं गेली. घाटावर ड्रोन उडवून रील करायची ती जागा नाही.

हरिपूरला वारणा मिळते. संगमेश्वराचं देऊळ, झाडं, बाहेर पडायला जागा सुंदर आहे, पण पुरानंतर दोन नद्यांचा गाळ एकाच ठिकाणी येतो आणि वारणेवरच्या चांदोली धरणातनं पाणी सोडलं असेल तर वारणेचा लोंढा तुम्हाला काठापासनं बाजूला ढकलतो. त्यात सांगलीचा बंधारा मधे येतोच, म्हणजे अजून एक उचलाउचल. त्यामुळं मी हरिपूर सोडून दिलं असतं.

मी काय करेन ते सांगतो. बरगे घातल्यावर, दिवाळी होऊन गेल्यावर, सांगलीतच उतरेन, सरकारी घाट किंवा पलीकडे सांगलीवाडीच्या बाजूला, आणि आयर्विनपासनं वर जाऊन त्याच घाटाला परत येईन. तुंबलेल्या पाण्याला ओढ जवळपास नसते, वर जाताना त्रास होत नाही. दुसरी गाडी पाठवा, दुसरा घाट शोधा, बंधारा ओलांडा, सगळी भानगड मिटते, आणि बाहेर पडायची पायरी तुम्ही सकाळीच काठीनं टोचून बघितलेली असते. घाटावर सकाळी पोहणारी मंडळी असतात, त्यांना विचारा, कालपरवा मगर कुठं दिसली ते तुम्हाला त्यांच्याएवढं कुणी सांगणार नाही. होड्यांच्या शर्यतीतली पोरं भेटली तर उत्तम, त्यांना नदीच्या तळातला दगड न्‌ दगड पाठ असतो. भिलवडी ते सांगली करायचंच असेल तर अशा कुणाला तरी बरोबर घेऊन, लाकडी होडीत, एका दिवसात.

अंगावर जखम असेल तर ते पाणी लागू देऊ नका, पुरानंतर लेप्टो होतो, म्हणजे घाण पाण्यातनं येणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पाण्याला साखर कारखान्याच्या मळीचा वास येत असेल, मासे वर आलेले दिसले तर त्या दिवशी उतरायचंच नाही, तसेच कृष्णाकाठची भेळ खाऊन परत जा.

निघायच्या आदल्या दिवशी कोयना धरणातनं किती पाणी सोडलंय, म्हणजे विसर्ग, ते बघा. धरणाच्या पायथा वीजगृहातून १०५० किंवा २१०० क्युसेक असं दिसलं तर नेहमीचं आहे, या. धरणाचे वक्र दरवाजे उघडलेत असं दिसलं तर कयाक पुण्यातच राहू द्या, ते पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येऊन मगच आमच्याकडे येतं, सांगलीला ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते.