वाचकांचे प्रश्न : ‘पॅरामाउंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मी न्यायालयीन कागदपत्रांची मराठी भाषांतरे करते. मुलाच्या ताब्याविषयीच्या एका प्रकरणात ‘द वेल्फेअर ऑफ द मायनर शॅल बी द पॅरामाउंट कन्सिडरेशन’ असे वाक्य होते. त्याचे मी ‘अज्ञान मुलाचे कल्याण ही अत्यंत महत्त्वाची बाब असेल’ असे भाषांतर केले, पण वकिलांनी ते अपुरे म्हणून परत केले. शब्दकोशात ‘अत्यंत महत्त्वाचा’ हाच अर्थ दिला आहे. मग माझे चुकले कुठे? आणि चीफ, प्रिन्सिपल, सुप्रीम या शब्दांहून हा शब्द वेगळा कसा? — एक वाचक, अमरावती

उत्तर : शब्दकोशाने आपल्याला अर्धाच अर्थ दिला, आणि वकिलांना नेमका उरलेला अर्धा हवा होता. ताब्याच्या प्रकरणात अत्यंत महत्त्वाच्या बाबी कितीतरी असतात. वडिलांचे उत्पन्न, आईच्या नोकरीचे गाव, मुलाची शाळा, आजी-आजोबांचा लळा, यांतील एकही किरकोळ नाही, आणि त्या सगळ्या एकाच वेळी अत्यंत महत्त्वाच्या असू शकतात. ‘पॅरामाउंट’ बाब मात्र एकच असते, आणि तिची इतरांशी गाठ पडली की माघार इतरांनी घ्यायची असते. म्हणजे हा शब्द महत्त्व किती आहे हे सांगून थांबत नाही, तर कोणी कोणापुढे नमायचे तेही ठरवून देतो.

आपण दिलेले वाक्य हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम १३ मधील आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते सांगितले आहे. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली की या एका शब्दावर केवढा भार टाकला आहे ते दिसते. पालकत्वाचा हक्क कायद्यानेच दिलेला असला, तरी पालक नेमताना न्यायालयाला तो मुलाच्या हितापुढे दुय्यम मानावा लागतो. ‘अत्यंत महत्त्वाची बाब’ एवढेच लिहिले, तर मुलाचे हित पालकाच्या हक्काशेजारी येऊन बसते, त्याच्या वर जात नाही. म्हणून मी ‘अज्ञान व्यक्तीचे कल्याण ही सर्वोपरी विचारात घ्यावयाची बाब असेल’ असे लिहीन. ‘सर्वोपरी’ म्हणजे सर्वांच्या वर, आणि मूळ शब्दही तेच सांगतो.

‘पॅरामाउंट’ इंग्रजीत आला तो इंग्लंडमधील नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. त्या भाषेत ‘पार आमाँ’ म्हणजे ‘वरच्या अंगाला’, आणि त्यातल्या ‘आमाँ’चे लॅटिन मूळ ‘डोंगराकडे’ असे आहे. सरंजामी जमीनव्यवस्थेत ज्याच्या वर दुसरा धनी नाही, अशा धन्याला ‘लॉर्ड पॅरामाउंट’ म्हणत, आणि उतरंडीत अगदी तळाशी असलेल्या कुळाला ‘टेनंट पॅराव्हेल’ म्हणत. या ‘पॅराव्हेल’चे मूळ ‘दरीकडे’ असे आहे. एक शब्द डोंगराकडे पाहणारा, दुसरा दरीकडे! तळचा शब्द व्यवहारातून गेला आणि वरचा राहिला. पण आपल्या खाली कोणीतरी आहे, ही जाणीव त्याच्या अर्थात अजून टिकून आहे.

आपण अमरावतीच्या आहात, म्हणून वऱ्हाडाचीच गोष्ट सांगतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने दिले. पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले आणि आपण इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलत आहोत, अशी भूमिका घेतली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये त्यांना पत्राने कळवले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा दावा सांगता येणार नाही. ‘पॅरामाउंटसी’, म्हणजे मराठीत ज्याला सार्वभौम सत्ता किंवा अधिसत्ता म्हटले गेले, ती प्रत्यक्षात कशी वागते याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. तह दोघांनी केलेला होता, पण तो वाचायचा कसा हे एकानेच ठरवले. १९२७ मध्ये नेमलेल्या बटलर समितीला या सत्तेची मर्यादा आखायला सांगितले, तेव्हा तिनेही ‘पॅरामाउंटसी मस्ट रिमेन पॅरामाउंट’ एवढेच म्हणून व्याख्या टाळली. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने ही अधिसत्ता संपली, पण त्याच्या कलम ७ मध्ये शब्द ‘पॅरामाउंटसी’ नव्हे, तर ‘सुझरेंटी’ (अधिराजाची सत्ता) असा आहे, हे भाषांतर करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता इतर शब्द. ‘चीफ’चे मूळ ‘डोके’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपला ‘मुख्य’ मुखावरून आला, त्यामुळे ‘चीफ’ला ‘मुख्य’ ही जोडी अगदी सहज जमते. ‘मेन’चे मूळ जुन्या इंग्रजीत ‘बळ’ असे होते. आज त्याचेही काम ‘मुख्य’वर भागते. ‘कार्डिनल’ मात्र मला फार आवडतो, कारण लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी बिजागरी आहे. ज्यावर सारे दार फिरते ते तत्त्व कार्डिनल. त्याला ‘आधारभूत’ म्हणावे. ‘फोरमोस्ट’ म्हणजे सर्वांच्या पुढे असलेला, अग्रगण्य. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे, आणि त्यावरूनच पुढे असणारा तो ‘पेशवा’. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे दिली गेली, तेव्हा पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ म्हटले गेले. म्हणजे ‘पुढचा’ हा भाव जाऊन तेथे ‘मुख’ आले.

‘प्रिन्सिपल’पाशी भाषांतरकाराने थांबून पाहावे. महाविद्यालयात तो प्राचार्य असतो, पण कर्जाच्या कागदात ‘मुद्दल’ असतो, आणि तेथे ‘मुख्य रक्कम’ लिहिले की वाचणाऱ्याला नक्की कोणती रक्कम ते कळत नाही. ‘सुप्रीम’ हे अधिकाराचे किंवा पदाचे विशेषण आहे, म्हणून न्यायालय ‘सर्वोच्च’ आणि त्या न्यायालयासमोरचा विचार ‘सर्वोपरी’. ‘टँटामाउंट’ दिसायला भाऊ वाटला तरी त्याचा अर्थ ‘तेवढ्याच तोलाचे’ असा आहे. ‘मौन म्हणजे संमतीच’ या धाटणीच्या वाक्यात तो येतो.

प्रश्न : आमच्या भागातील एका रासायनिक कारखान्याच्या फाटकावर इंग्रजीत ‘सेफ्टी इज पॅरामाउंट’ आणि खाली मराठीत ‘सुरक्षा सर्वतोपरी’ असे लिहिले आहे. हे बरोबर आहे का? ‘मोअर पॅरामाउंट’ म्हणता येते का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : म्हणू नये. सर्वांच्या वर असलेल्याला आणखी वर जागा नसते. ‘सर्वात सर्वोत्तम’ जितके खटकते, तितकेच हेही खटकावे.

फलकावरचे मराठी मात्र चुकले आहे, आणि ही चूक वर्तमानपत्रांतही वारंवार दिसते. ‘सर्वतोपरी’ हे क्रियाविशेषण असून त्यातील ‘परी’ म्हणजे प्रकार, रीत. ‘परोपरीने समजावले’, ‘नाना परी’ यांत आहे तीच ही परी. पूरग्रस्तांना ‘सर्वतोपरी मदत’ करावी, म्हणजे सर्व प्रकारे करावी. ‘सर्वोपरी’मधील ‘उपरी’ वेगळा. तो ‘वर’ या अर्थाचा संस्कृत शब्द आहे. त्यामुळे ‘सुरक्षा सर्वतोपरी’ या शब्दांतून ‘सुरक्षा सर्व प्रकारे’ एवढाच अपुरा अर्थ निघतो.

‘सुरक्षा सर्वोपरी’ केल्याने व्याकरण सुधारेल, तरी फाटकातून आत जाणाऱ्या कामगारासाठी मी त्याहूनही साधे वाक्य निवडीन. झडपेतून वायू गळतो आहे अशी शंका आली आणि पाळीचे उत्पादनही पुरे व्हायचे आहे, अशा वेळी काय थांबवायचे, हे त्याला त्या फलकाने सांगायला हवे. तेथे ‘आधी सुरक्षा, मग उत्पादन’ असे लिहावे.