त्रेबिच या चेक गावात ज्यू वस्ती कशी होती? आज तिथे कोण राहतं?

चेक लोक या नावाचा उच्चार साधारण 'त्रशेबीच' असा करतात. आपल्या जिभेला जरा जडच!

मोराव्हिया या चेक प्रांतातल्या यिह्लावा नदीच्या काठावर, नदी आणि टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ही वस्ती मध्ययुगापासून होती. जागा कमी, माणसं जास्त. त्यामुळे एकाच घराचे मजले, कधी खोल्यासुद्धा वेगवेगळ्या मालकांच्या असत. वर १७२६चा, तेव्हाच्या राज्यकर्त्या हाब्सबुर्ग घराण्याचा कायदा: ज्यू घरातल्या फक्त एकाच मुलाला लग्नाची परवानगी, ती बहुधा थोरल्याला. धाकट्यांनी गाव सोडायचं किंवा चोरून लग्न करायचं. १८४८ नंतर हे जाच सुटले, तशी बरीच कुटुंबं व्हिएन्ना, ब्रनोसारख्या शहरांकडे गेली. म्हणजे वस्ती नाझी येण्याआधीच आटत चालली होती.

उरलेल्या २८१ जणांना नाझींनी १९४२ मध्ये छळछावण्यांत नेलं. परतले जेमतेम दहा.

आज तिथे ज्यू समाज नाही. घरं मात्र शाबूत आहेत, आणि त्यात इतर लोक राहतात. कम्युनिस्ट राजवटीत हा भाग पाडायचा बेत होता, तो बारगळला म्हणून वाचला. २००३ मध्ये १२३ घरांची ही वस्ती, टेकडीवरची दफनभूमी आणि शेजारचं सेंट प्रोकोपियस चर्च युनेस्कोच्या यादीत आलं. जाणार असाल तर दफनभूमी चुकवू नका. उतारावर झाडांखाली सुमारे ३,००० दगड आहेत, हिब्रू अक्षरं कोरलेले, कित्येक एकीकडे कललेले.