उडी कुठं गेली?

(मिरजेत बरीच वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवलेल्या ताई वाचकांच्या सिनेमाविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : नमस्कार ताई. आमचा धाकटा मारिओच्या व्हिडिओ गेमचा वेडा आहे. नवा कार्टूनचा सिनेमा त्याचा तोंडपाठ झालाय, म्हणून मागच्या रविवारी मी हौसेनं १९९३ चा जुना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावून दिला, खरी माणसं काम करतात तो. वीस मिनिटांनी विचारतो, ‘आई, यात मारिओ कधी येणार?’ मारिओ समोरच होता! आमचे हे म्हणतात, गेमला गोष्टच नसते, मग त्याचा सिनेमा चांगला होणार कुठून? हे खरं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीवांना माझ्याकडून एक चॉकलेट द्या. आमच्या लायब्ररीत हीच तक्रार घेऊन एक पोरगा आला होता. कॅसेट नेली चोवीस तासांसाठी आणि तासाभरात परत. ‘काकू, चुकीची दिलीत.’ मी खोका बघितला, वरचं लेबल बघितलं, सगळं बरोबर. तर म्हणतो, ‘यात नुसता अंधार आहे आणि एक जाडा माणूस आहे.’ मी मुकाट्यानं पैसे परत केले.

अंधार होताच हो. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बंद सिमेंट कारखान्यात सेट उभारला होता आणि तो कारखान्यासारखाच दिसतो. गेममधलं ते निळं आकाश, हिरवे पाइप, गुबगुबीत ढग, यातलं काहीही नाही. त्याऐवजी काय, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून जगाचे दोन भाग झाले. एकात आपण, दुसऱ्यात माणसासारखे झालेले डायनासोर. मारिओ आणि त्याचा भाऊ, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे दोन प्लंबर, तिकडं जाऊन पोचतात. राजकन्येचा बाप बुरशी होऊन शहरभर लोंबत असतो. चिकट, ओली बुरशी. आमच्या सासूबाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘हे जेवणाच्या वेळेला लावू नकोस.’

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. गोष्ट छोटी म्हणून सिनेमा पडतो, हे मला पटत नाही. पळवून नेलेलीला सोडवून आणायचं, एवढ्यावर तर रामायण उभं आहे. १९८५ च्या त्या गेमची गोष्टही तेवढीच. पण गेम गोष्टीवर चालत नाही, तो उडीवर चालतो.

पुढं आम्ही दुकानात दोन टीव्ही लावून तासावर गेम द्यायला लागलो, तेव्हा काउंटरमागून मी हे रोज पाहिलंय. मारिओनं उडी मारली की पोरं रिमोटसकट हात वर न्यायची, काही तर बाकावरून अर्धी उठायची. बटणाला टिचकी मारली तर छोटी उडी, दाबून धरलं तर मोठी. पळता पळता एकदम मागं वळवलं तर गडी घसरतो. पहिल्याच पडद्यावर समोरून एक गूम्बा, म्हणजे गेममधला बुटका शत्रू, चालत येतो. उडी मारली नाहीत तर मेलात, की झाली पहिली शिकवणी. मग डोक्यावरच्या ठोकळ्यातून मशरूम बाहेर पडतं, उजवीकडं घरंगळतं, पाइपला आपटतं आणि तुमच्याच अंगावर येतं. शत्रू समजून नवखा पोरगा पळू बघतो, पण वर विटांची रांग, उडी मारायला जागा नाही. मशरूम लागतं आणि मारिओ मोठा होतो! पोरगा आश्चर्यानं इकडंतिकडं बघतो. हे अपघातानं होत नाही. गेमचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी ही सगळी मांडणी मुद्दाम केल्याचं स्वतः सांगितलं आहे. एक अक्षर न लिहिता शिकवतो तो माणूस. मला तर आमच्या बालवाडीच्या बाई आठवायच्या.

सिनेमात मारिओ आपल्या पायांनी उडी मारतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला यंत्राचे बूट घालायला लागतात! म्हणजे हनुमानाला शिडी लावून द्यायची. माझं ठाम मत असं की करणाऱ्यांना त्या गेमची मनातून लाज वाटत होती. पोरांचा खेळ आहे, त्याला जरा वजन आणू या, असं म्हणत त्यांनी वजनच वजन आणलं. नावं गेममधली ठेवली आणि माल दुसराच भरला. त्यात पटकथा कितीदा बदलली, नटांना शूटिंगच्या दिवशी नवी पानं हातात पडायची. मारिओ झालेला बॉब हॉस्किन्स म्हणजे कसलेला नट. कार्टूनच्या सशाबरोबर १९८८ साली त्यानं काय सुंदर काम केलं होतं, म्हणजे पोरकटपणाचं त्याला वावडं नव्हतं. त्यानंही पुढं मुलाखतीत मारिओ हे आपलं सगळ्यात वाईट काम म्हणून सांगितलं. खलनायक कूपा राजा झालेला डेनिस हॉपर एक किस्सा सांगायचा. लहान मुलानं विचारलं, बाबा, हे काम का केलंत? हा म्हणाला, तुला बूट घेता यावेत म्हणून. पोरगा म्हणाला, मला बुटांची एवढी गरज नाही. बुटांचं काही या सिनेमाला लाभलं नाही.

पैशाचं म्हणाल तर खर्च ५ कोटी डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली कमाई २ कोटींच्या थोडी वर. आला मे १९९३ च्या अखेरीस. दोन आठवड्यांत ‘जुरासिक पार्क’ आला. डायनासोरच बघायचे तर लोक खरे वाटणारे बघणार ना!

एक मात्र सांगते. लिफ्टमध्ये ते बारक्या डोक्याचे, ओव्हरकोटवाले धिप्पाड गूम्बा गाण्यावर डुलायला लागतात, तो प्रसंग चिरंजीवांना दाखवा. आणि छोट्या योशीचा कळसूत्री डायनासोर. तेवढं बघून बंद करा.

प्रश्न : मग २०२३ चा कार्टूनवाला मारिओ चांगला आहे का? त्यानं एवढे पैसे कसे कमावले? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : १३० कोटी डॉलरच्या वर. या वेळी मियामोतो स्वतः निर्माते होते, त्यामुळे आकाश निळं आहे आणि मारिओ उड्या मारतो. नातवाबरोबर बघितला. मधे दहा मिनिटं डोळा लागला हे कबूल करते, पण गेमचे संगीतकार कोजी कोंदो यांची ती टुणटुण धून वाजली की जाग यायची.

प्रश्न : ताई, गेमची कॅसेट चालली नाही की आपण फुंकायचो. त्यानं खरंच काही व्हायचं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फुंकून नाही, काढून परत बसवल्यानं व्हायचं. आतल्या पिना नीट टेकायच्या, बस्स. उलट तोंडातल्या ओलाव्यानं धातू खराब होतो. हे मला दुकान बंद केल्यावर कळलं. तोवर गिऱ्हाइकासमोर मी स्वतः पदराआड धरून फुंकायचे, म्हणजे थुंकी उडालेली दिसू नये.