रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या मुळाशी नऊ वर्षांनीही काळा डाग दिसतो, पण दुखत नाही. दाढ काढून टाकावी का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटी लिहिली आहे: "तेव्हाचा एक्सरे घरात कुठेतरी असेल." आधी तो शोधा. दाढ काढायची की नाही हे त्यानंतर ठरवू.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. तुमच्यासारखे पेशंट नेहमीच येतात. एक्सरे शेजारच्या दातासाठी काढलेला असतो, त्यात जुन्या दाढेखाली डाग दिसतो आणि कोणीतरी "इन्फेक्शन आहे, काढून टाका" म्हणून मोकळा होतो. मग पेशंट मला विचारतो, "दुखत नाई जी, मंग कायले काढता?" प्रश्न रास्त आहे, पण 'दुखत नाही' म्हणजे 'बरं आहे' असंही नाही.

डाग म्हणजे मुळाच्या टोकाभोवतीचं विरळ झालेलं हाड. साध्या एक्सरेत तो दिसायला त्या जागचा खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेलेला असावा लागतो. भरून येतानाही हाड सावकाशच भरतं. बऱ्याच दाढांमध्ये सुधारणेची लक्षणं वर्षभरात दिसतात. रूट कॅनाल करणाऱ्या युरोपातल्या डॉक्टरांच्या संस्थेने चार वर्षांपर्यंत वाट पाहायला सांगितलं आहे. नॉर्वेत मोल्व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूट कॅनाल केलेली माणसं २० ते २७ वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा काही छोटे डाग इतक्या उशिराही भरून आलेले निघाले. म्हणजे नऊ वर्षांनी डाग दिसतो, एवढ्यावर निकाल देता येत नाही. तो पूर्वीपेक्षा लहान झाला, तेवढाच राहिला की वाढला, यावर सगळं आहे. आणि ते एका फोटोत कधीच कळत नाही.

हे मी चूक करून शिकलो. दवाखाना टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी एक रिटायर्ड मास्तर आले. दाढेच्या मुळात आधाराला बसवलेला खिळा, वर कॅप, मुळाशी मसुरीच्या दाण्याएवढा डाग, त्रास काही नाही. मी पुन्हा रूट कॅनाल करू म्हणालो. खिळा काढताना मूळ उभं तडकलं आणि दाढ काढावी लागली. आठवड्याने ते पेटीतला जुना एक्सरे घेऊन आले, जिनिंगच्या काटापट्टीत, म्हणजे कापसाच्या वजनाच्या पावतीत, गुंडाळलेला. फिल्म नीट धुतलेली नसल्याने चहासारखी तांबूस झाली होती, पण त्यातला डाग मी पाहिलेल्या डागाच्या दुप्पट होता. म्हणजे तो भरत आला होता. मास्तर मला काही बोलले नाहीत. तेव्हापासून जुना एक्सरे आल्याशिवाय, किंवा नसेल तर आजचा काढून सहा महिने ते वर्षभर थांबून दुसरा पाहिल्याशिवाय, शांत दाढेला मी हात लावत नाही.

आता दुसरी बाजू. सिंगापूरमध्ये असेच न भरलेले डाग असलेल्या लोकांचा अभ्यास झाला. २० वर्षांच्या काळात मोठी सूज-कळ येऊन धावपळ करावी लागण्याचं प्रमाण ५.८ टक्के निघालं, पण बारीकसारीक दुखणं सुमारे ४० टक्के. थोडक्यात, दाढ बॉम्ब नाही, पण शहाणी पोरगीही नाही.

डाग राहतो कशाने? बहुतेक वेळा मुळातल्या नळीत जंतू उरल्याने. वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा चौथी नळी असते आणि ती अनेकदा सुटते. कधी मुळाशी गाठ झालेली असते, कधी भरून आल्याचा नुसता वण असतो. आमच्याकडचं खास कारण मात्र पैशाचं आहे: "कापूस विकला की कॅप बसवतो." दिवाळी जाते, तूर निघते, तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत मुरते. त्यात खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) खायची सवय असेल तर सुपारीने दाढ तडकायला वेळ लागत नाही. तुमची कॅप आहे का, तिच्या कडेला अन्न अडकतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डागाइतकंच मला ते महत्त्वाचं वाटतं.

डाग वाढत असेल, चावताना तीच बाजू टाळावीशी वाटत असेल, किंवा हिरडीवर पुळी येऊन फुटत असेल, तर थांबू नका. पुळी फुटली की दुखणं थांबतं आणि माणूस खूश होतो, पण तो फक्त पू निघायला रस्ता झालेला असतो. मेडिकलमधून गोळ्या घेऊन भागत नाही, कारण नस गेलेल्या दाढेत रक्त पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? अशा वेळी पुन्हा रूट कॅनाल, ते जमत नसेल तर मुळाचं टोक कापायचं छोटं ऑपरेशन; मूळ उभं चिरलेलं असेल तर थेट काढणं. अवघड केस मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतो.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, असं काही झालं तर सकाळची एसटी पाहू नका. त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात जा. शुगर असेल तर जास्तच जपा.

जुनी फिल्म सापडली की खिडकीच्या काचेवर धरून मोबाईलने फोटो काढून ठेवा. कोपऱ्यात हाताला लागेल असा बारीक उंचवटा असतो, तो तुमच्याकडे यायला हवा. नाहीतर डावी बाजू उजवी होते. नवा एक्सरे शक्यतो त्याच कोनातून काढायला सांगा, कारण एक्सरे मशीनची नळी जरा तिरपी झाली तरी डाग लहान-मोठा दिसतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर दाढ तोंडातच राहू द्या.