कांगारूच्या गुडघ्याची वाटी शोधताना

कांगारूच्या सांगाड्यात गुडघ्याची वाटी सापडली नाही, म्हणून ती हरवली असं समजू नकोस. बहुतेक शिशुधान, म्हणजे पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांत ती हाडाची नसतेच. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, तंतुमय कूर्चेची गादी असते. सांगाडा साफ करताना ती मांसाबरोबर निघून जाते. म्हणून विच्छेदन करताना कंडरा आधी बोटांनी नीट चाचप, मगच सुरी लाव. बँडिकूट (आपली घूस नव्हे, ऑस्ट्रेलियाकडचे छोटे शिशुधान प्राणी) मात्र अपवाद, त्यांची वाटी खरीखुरी हाडाची.

मला स्वतःला गुडघ्याची बाहेरची बाजू जास्त आवडते. ब्रशटेल पॉसम या झाडावर राहणाऱ्या शिशुधान प्राण्यामध्ये पोटरीचं बारीक हाड थेट मांडीच्या हाडाला भिडतं. माणसात तसं नसतं. पॉसमच्या या बारीक हाडाच्या माथ्यावर पॅराफिब्युला नावाचं चिमुकलं हाड असतं. ते सहज सुटतं, तेव्हा धुताना खाली गाळणी धरच.